चाकांवरचं घर आणि तळाचं भोक

एका गावात एक घर होतं आणि त्या घराला चाकं होती.

गाव उसाच्या पट्ट्यातलं. घर युवराज नावाच्या माणसाचं. आधी ती शाळेची पिवळी गाडी होती. शाळेने नवी गाडी आणली तेव्हा युवराजने जुनी घेतली, आतली बाकडी काढून टाकली आणि बाबालाल मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. त्याला आपल्या आईला समुद्र दाखवायचा होता. त्याच्या आईने, हौसाबाईंनी, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण त्यांना बाहेरचं खाणं चालत नसे आणि परक्या अंथरुणावर डोळ्याला डोळा लागत नसे. तेव्हा युवराज म्हणाला, "आईला घर सोडवत नाही ना, मग घरच समुद्रावर नेऊ."

लोक हसले. पण गाडी तयार होत गेली तसे तेच लोक बघायला येऊ लागले.

युवराजची बायको सारिका. तिला एक सवय होती. कुठलीही वस्तू दिसली की ती तशी का आहे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुकरची शिट्टी उलटी करून बघायची. नवं कुलूप आणलं तर आधी किल्ली कशी फिरते ते कान लावून ऐकायची. हौसाबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सूनबाईंना ताट वाढून दिलं तर आधी ताट गोल का म्हणून विचारतील." सारिका हसायची. आणि मग खरंच, ताट गोल का असेल, या विचारात भाकरी थापता थापता थांबायची.

त्यांची मुलगी शरू नुकती चालायला लागली होती. शरू झाल्यापासून सारिकाच्या कुतूहलात काळजी येऊन बसली. नवीन काही घरात आलं की ती गुडघ्यांवर बसून शरूच्या उंचीवरून ते बघायची. कोपरा टोकदार आहे का, फट किती आहे, बोट अडकेल का. बिजागरी कुठं आहे, दार आपोआप मिटतं का.

मिस्त्रींनी गाडीत दोन बाकं केली होती, त्यांवर झोपता येत होतं. मध्ये सतरंजी अंथरण्यापुरती मोकळी जागा. मागच्या अंगाला ओटा, ओट्यावर शेगडी, ओट्याखाली सिलिंडरचं कपाट. त्या कपाटातून एक रबरी नळी वर शेगडीपर्यंत गेलेली. सगळं कसं नेटकं. पण सारिकाने गुडघ्यांवर बसून कपाटाचं दार उघडलं तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. कपाटाच्या तळाला, सिलिंडरच्या शेजारी, वाटीएवढं गोल भोक होतं. त्यावर बारीक जाळी मारलेली. वाकून बघितलं तर जाळीतून खालची जमीन दिसत होती.

"अहो, हे भोक कशाला?"

युवराज म्हणाला, "जुन्या गाडीचं असेल. बुजवायचं राहिलं."

"राहिलं असेल तर जाळी कशाला मारतील?"

"मग उंदीर येऊ नये म्हणून मारली."

"उंदीर येऊ नये म्हणून जाळी मारली, पण भोक ठेवलं?"

युवराजने डोकं खाजवलं आणि टायर बघायला गेला.

हौसाबाई म्हणाल्या, "फरशी धुतली की पाणी जायला मोरी असते ना, तसं असेल." सारिकाला ते पटलं नाही. लाकडी कपाटात पाणी कोण ओतणार? शेजारचे एक आजोबा पूर्वी ट्रक चालवायचे. ते म्हणाले, इंजिनाला वारा लागतो. पण इंजिन पुढे आणि भोक मागे. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि एकही उत्तर त्या भोकात बसत नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायची ठरली. त्या दिवशी गावात सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार चढतात, नांगर-कोयत्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. गुरुजींनी वेळ काढून दिली होती आणि त्या वेळेच्या आत गाडी दारात उभी राहायला हवी होती. मिस्त्रींच्या शेडमध्ये त्या दिवशी दहा गिऱ्हाइकं. सारिकाने त्यातून वाट काढत बाबालाल मिस्त्रींना गाठलं.

"मिस्त्री, सिलिंडरच्या कपाटात तळाला भोक आहे, ते कशाला?"

मिस्त्रींचा चेहरा खुलला. केलेल्या कामाबद्दल कुणी विचारलं की कारागिराचा खुलतोच. "वहिनी, ते मुद्दाम ठेवलंय. ते तसंच राहू द्या. त्याचं असं आहे, की..."

तेवढ्यात युवराजने हॉर्न वाजवला. गाडीतून हौसाबाईंनी मान बाहेर काढली. "सारिका, वेळ टळतीय. भोकाचं काय घेऊन बसलीस? चल."

मिस्त्रींना दुसऱ्या गिऱ्हाइकाने दंडाला धरून ओढलं. सारिका पळत जाऊन गाडीत बसली. गाडी वेळेत दारात पोचली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, सगळ्यांनी गाडीला ओवाळलं. सारिकाला एवढंच कळलं होतं, की भोक राहू द्यायचं. का राहू द्यायचं, ते मिस्त्रींच्या तोंडातच राहिलं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि चाकांवरचं घर कोकणाच्या वाटेला लागलं.

पावसाने रस्त्याची पार दैना करून टाकली होती. कामं चालू होती, पुढच्या ट्रकमागे मातीचे लोट उठत होते. खिडक्या लावल्या तरी आत धूळ. भांड्यांवर धूळ, पिठाच्या डब्यावर धूळ, हौसाबाईंच्या पानाच्या चंचीवर धूळ. शरू शिंकू लागली. एक शिंक झाली की दुसरी. तिचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सारिकाने पदराने तिचं तोंड झाकलं आणि धूळ येतेय कुठून ते शोधायला लागली. कपाटाचं दार उघडलं. जाळीतून माती भुरूभुरू वर येत होती.

"बघ," हौसाबाई म्हणाल्या, "हे तुझं भोक."

घाटाखालच्या हॉटेलापाशी युवराजने गाडी थांबवली. वाकून बघितलं. "एवढंच ना? बुजवून टाकू."

"मिस्त्री म्हणाले होते, तसंच राहू द्या."

"का राहू द्या म्हणाले?"

सारिका म्हणाली, "फोन लावून विचारा ना."

"रेंज नाही इथं. आणि भोकासाठी फोन करू होय त्याला? हसेल तो." युवराज म्हणाला. "वाटल्यास वर पोचल्यावर कर."

शरू पुन्हा शिंकली. तिच्या छातीत घरघर वाजल्यासारखी सारिकाला वाटली. मागच्या थंडीत शरूला दवाखान्यात वाफ द्यावी लागली होती, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग तिने स्वतःच हौसाबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि अंगठ्याने दाबून दाबून भोकात बसवली. वर एक जुना पत्रा ठेवला. धूळ थांबली. शरू तिच्या मांडीवर झोपली. सारिकाला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की वर पोचल्यावर फोन करायचा होता हे ती विसरली.

घाट चढून गाडी पलीकडे उतरली. वाट अशी की आतली भांडी आदळून आदळून जागा बदलत होती. एका खड्ड्यात तर सिलिंडरनेही कपाटाला धडक दिली. युवराज म्हणाला, "शाळेची पोरं हिच्यात कशी बसत होती देव जाणे."

आणि मग समुद्र दिसला.

हौसाबाईंनी आधी हात जोडले. मग म्हणाल्या, "हे सगळं पाणीच?" आणि बघतच राहिल्या. युवराज त्यांच्याकडे बघत उभा राहिला. ज्यासाठी एवढं केलं ते झालं होतं.

त्या गावात हौसाबाईंच्या थोरल्या बहिणीचं, ताराक्काचं, सासर होतं. ताराक्काच्या घरापासून जरा अंतरावर सुरूचं बन होतं, तिथंच गाडी उभी केली. दोघी बहिणी किती तरी वर्षांनी भेटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताराक्काने बाजारात नेऊन सुके बोंबील आणि सुकट घेऊन दिली. हौसाबाईंनी ती पिशवी गाडीत छताजवळच्या खुंटीला टांगली. झालं, सगळ्या गाडीला वास.

"घरी पोचेपर्यंत आपलाही बोंबील होणार," युवराज म्हणाला.

"खाताना बरं वास येत नाही तुला," हौसाबाई म्हणाल्या.

त्या दुपारी सारिकाने चहा केला. शेगडीचा कान फिरवून शेगडी बंद केली, पण सिलिंडरवरचं रेग्युलेटर तसंच चालू राहू दिलं. घरीही ती तसंच करायची. आपण सगळ्या जणी तसंच करतो. पुन्हा चहा करायचा असतोच ना.

ऊन उतरलं तसा समुद्रावरून वारा सुटला. संध्याकाळी ताराक्का येणार होती. नव्या घरात पहिल्यांदाच येणार, म्हणून सारिकाची ओटी भरायची, देवाजवळ दिवा लावायचा असं दोघी बहिणींनी ठरवलं होतं. दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून हौसाबाईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ओट्याच्या बाजूला खाली पाट मांडला, पाटावर देव, देवापुढे समई. मधल्या सतरंजीवर गोधडी घालून शरू झोपली होती. बाकावरून पडेल म्हणून सारिका तिला कायम खालीच झोपवायची.

ताराक्का आली. पायरी चढून आत आली, इकडेतिकडे बघितलं. "हौसे, तुझं घर तर भारी आहे गं. नवऱ्यावर रुसलं तर घरासकट माहेरी जाता येईल."

सगळे हसले. दार ओढून घेतलं. सारिकाने पदर डोक्यावर घेतला आणि मावशींच्या पाया पडायला वाकली.

वाकली, आणि तिच्या नाकाला काहीतरी लागलं.

ती उभी राहिली. वास बोंबलांचा. फक्त बोंबलांचा. पण खाली वाकल्यावर आलेला वास वेगळा होता. सडक्या लसणासारखा, कसा तरीच. सारिका विचारात पडली. मग ती हौसाबाईंच्या पाया पडली. वाकल्यावर पुन्हा तोच वास. उठल्यावर नाही.

"सुखी राहा," हौसाबाई म्हणाल्या. "मला कशाला, मी तर घरचीच."

सारिकाने इकडेतिकडे बघितलं. मग ती युवराजच्या पायाशी वाकली. ह्या वेळी ती जरा वेळ तशीच राहिली, नाक खाली करून.

ताराक्काला हसू आवरेना. "युवराज, तुझी बायको लई संस्कारी दिसतीय रे. का काही मागायचं आहे?"

युवराज लाजला. "काय करतीयेस?" तो हळूच म्हणाला.

सारिकाला ते ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. उभी राहिले की वास नाही, वाकले की वास. असं का? वास तर सगळीकडे पसरायला हवा. वरणाला फोडणी दिली तर वास गल्लीभर जातो. हा एकच वास असा जमिनीला धरून का बसलाय?

हौसाबाई पाटापुढे मांडी घालून बसल्या होत्या. समईत तेल होतं, वात भिजली होती. त्यांनी काड्यापेटी उघडली, काडी काढली.

सारिकाने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"आत्याबाई, काडी नका ओढू."

दिवेलागणीची वेळ, नवं घर, पाहुणी बसलेली, आणि सुनेने देवापुढच्या दिव्याला अडवलं. सारिकालाही ते कळत होतं. पण तिने मनगट सोडलं नाही.

"हात सोड," हौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. बहिणीपुढे आवाज चढवायचा नव्हता.

"काहीतरी वास येतोय."

"बोंबलांचा येतोय. सकाळपासून येतोय."

"बोंबील वर टांगलेत, आत्याबाई. हा वास खाली आहे."

हौसाबाई थांबल्या. त्यांनी एकदा खुंटीकडे बघितलं, एकदा खाली बघितलं. नाक जरा पाटाकडे नेलं. आणि त्यांच्या बोटांतली काडी आपोआप पेटीत गेली.

सारिकाने तोपर्यंत शरूला गोधडीसकट उचललं होतं. "सगळे आधी खाली उतरा. मावशी, तुम्ही पुढं व्हा."

युवराज सवयीने दिव्याच्या बटणाकडे वळला. "बघू तरी दे कुठून येतोय."

"बटणाला हात लावू नका. गॅस असेल तर एक ठिणगी पुरे."

"अंधारात दिसायचं कसं?"

"नाही दिसलं तरी चालेल. दार उघडा."

ताराक्काचे गुडघे दुखायचे. ती पायरीपायरीने उतरली तेवढा वेळ सारिकाला फार मोठा वाटला. शरू जागी होऊन रडायला लागली. ते रडणं ऐकून सारिकाच्या जिवात जीव आला. रडतेय म्हणजे ठीक आहे. बाहेर येताच तिने शरूचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि तिची पाठ चोळत राहिली.

युवराजने पुढचं, मागचं, सगळी दारं सताड उघडली. खिडक्या बाहेरून ढकलल्या. मग श्वास रोखून आत गेला, कपाट उघडून रेग्युलेटर बंद केलं आणि पत्रा बाजूला करून भोकातलं फडकं उपसून काढलं. धापा टाकत बाहेर आला.

तेवढ्यात मागच्या चाकाजवळ टेकून उभी असलेली ताराक्का म्हणाली, "आता इथं वास यायला लागला गं. गाडीखालून."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आतला वास आता खालून बाहेर येत होता. टाकीचं बूच काढल्यावर पाणी यावं तसा.

"मावशी, तिथून सरका," सारिका म्हणाली, आणि सगळे सुरूच्या झाडांखाली लांब जाऊन उभे राहिले.

तिथे युवराजने मिस्त्रींना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. गॅस सुटला होता, एवढंच तो म्हणाला. मिस्त्रींनी दुसरं काही विचारलं नाही. म्हणाले, "तळाचं भोक उघडं आहे ना?"

युवराजने सारिकाकडे बघितलं.

"मालक, भोक उघडं आहे ना?"

"आता आहे," सारिका म्हणाली. "मी बुजवलं होतं. धूळ येत होती."

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, धूर वर जातो, वाफ वर जाते, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच वर जातं. हा गॅस हवेपेक्षा जड. कुठं सुटला तर पाण्यासारखा खाली बसतो, दाराच्या फटीतून वाहतो, जमिनीवर साचतो. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. घरात खिडक्या असतात, मोकळी जागा असते. गाडी म्हणजे डबा. म्हणून तळाला वाट ठेवायची. सुटला तर त्याने आपला आपण खाली निघून जावं. वरच्या खिडक्यांनी हे काम होत नाही."

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का?" युवराज म्हणाला.

"सांगत होतो. तुम्ही हॉर्न वाजवला," मिस्त्री म्हणाले. "पण माझंही चुकलं. मी गाडीमागं पळत यायला पाहिजे होतं. धूळ येईल हे मला कळायला हवं होतं. खाली चिखल अडवायला पत्रा तिरका लावता येतो, वारा जातो, धूळ येत नाही. आलात की लावून देतो. गळती सापडून बंद होईपर्यंत शेगडी पेटवू नका, आणि काम झालं की सिलिंडरवरूनच बंद करत जा."

फोन बंद झाला. सारिकाला वाटत होतं, हौसाबाई आता काहीतरी बोलतील. बहिणीपुढे हात धरला, देवाचा दिवा अडवला. तिने मनाची तयारी करून ठेवली.

हौसाबाई शरूकडे बघत होत्या. शरू आता रडायची थांबली होती आणि सुरूचं एक वाळकं फळ तोंडात घालायच्या बेतात होती. हौसाबाईंनी ते तिच्या मुठीतून काढून घेतलं.

"पोरगी खाली झोपली होती," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी सारिकाचा हात धरला, आणि ताराक्काच्या घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

ओटी ताराक्काच्या घरी भरली. रात्री सगळे तिच्याच पडवीत झोपले. सारिकाने मात्र दोनतीनदा शरूच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला.

सकाळी पुरेसा वारा खेळून गेला होता, आत कुठेच वास नव्हता, वाकूनही नव्हता. शेगडी बंद ठेवून सारिकाने वाटीत साबणाचा फेस केला. हे तिला गॅसची जोडणी द्यायला आलेल्या माणसाने फार पूर्वी सांगितलं होतं आणि कधी तरी करून बघायची तिची इच्छा राहून गेली होती. दारं-खिडक्या उघडी ठेवून युवराजने रेग्युलेटर क्षणभर चालू केलं. सारिकाने बोटाने फेस नळीवर लावला. शेगडीच्या जोडापाशी काही नाही. मधल्या भागात काही नाही. सिलिंडरजवळ, जिथे नळी कपाटाच्या लाकडाला घासत होती, तिथे फेसाचा एक बुडबुडा हलला. मोठा झाला. आणखी मोठा झाला. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

"तिथं आहे," ताराक्का म्हणाली. ती दारातून मान लांब करून बघत होती.

शरूने टाळ्या पिटल्या. तिला वाटलं हा खेळ तिच्यासाठीच चाललाय.

युवराजने लगेच बंद केलं. बोटाने नळी वाकवली तर त्या जागी बारीक चीर दिसली. खड्ड्यांत सिलिंडर हलत राहिला, नळी घासत राहिली, आणि रबर चिरलं. त्याने तालुक्याला जाऊन नवी नळी आणली. जोडून देणाऱ्या माणसालाही बरोबर आणलं. त्याने सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधला, नळी लाकडापासून लांब घेतली. पुन्हा फेस लावला. ह्या वेळी फेस नुसताच वाळून गेला.

मग चहा झाला. चहा झाल्यावर सारिकाने आधी सिलिंडरवरून बंद केलं.

कप विसळून ती वळली तर हौसाबाई कपाटासमोर जमिनीवर पालथ्या पडलेल्या. एक गाल सतरंजीला टेकलेला, एक हात जाळीवर धरलेला.

सारिका घाबरली. "आत्याबाई, काय होतंय?"

"काही न्हाई. वारा लागतोय का बघते." त्या तशाच पडून म्हणाल्या. "सारिका, पाण्यासारखा वाहतो म्हणाला ना तो मिस्त्री?"

"हो."

"मग पाण्यासारखा दिसत का न्हाई?"

सारिका त्यांच्याशेजारी पालथी पडली. दोघी जणी जाळीतून खालच्या वाळूकडे बघत राहिल्या. सारिकाने बराच विचार केला.

"ठाऊक नाही, आत्याबाई."

"मग लाव की फोन," हौसाबाई म्हणाल्या.

तात्पर्य: ज्या गोष्टीचं कारण आपल्याला कळलेलं नाही, ती बिनकामाची समजून बंद करू नये, आधी विचारावं. आणि मनात खरी शंका आली तर तिथेच हात धरावा. मोठ्यांचा मान आणि मुहूर्त घटकाभर थांबतात, आग थांबत नाही.